भाव काय?

मसाला मार्केटात खोकल्याकडे कुणी वळून बघत नाही.
सकाळपासून सगळी गल्लीच शिंकत असते,
त्यात माझं कोण ऐकणार?
मिरची आहे, म्हणाली इंदुबाई.
मिरचीच आहे, म्हणाले वेलजीशेठ, गूळ खा.
दोन महिने मी गूळ खाल्ला.

मग थुंकीत लाल दिसलं
आणि ते मिरचीचं नव्हतं.

तुर्भ्याच्या केंद्रात वजन भरलं अडतीस.
देठ खुडलेल्या मिरचीचं पोतंसुद्धा
माझ्याहून भारी निघालं असतं.
टेबलाशी तांडेल नावाचा पोरगा होता.
म्हणाला, रोज सकाळी आठला मेसेज येईल,
गोळ्या घेतल्या की आकडा टाकायचा.
मी म्हटलं, फोन घरात एकच,
रात्री नवऱ्याकडं, सकाळी पोराच्या हातात.
खोली भाड्याची, भिंत पत्र्याची,
टीबी हा शब्द पत्र्यातून आरपार जातो.
त्यानं कानामागचं पेन काढलं.
"मग तुम्हीच सांगा, काय लिहून येऊ दे?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं
मला कसं बोललेलं चालेल.

तेव्हापासून रोज आठ वाजता:
मिरचीचा भाव काय?
आणि मी, गोळ्या नरड्याखाली ढकलून: ३.
पोरगा म्हणायचा, आई, तीन रुपयांत काय मिळतं?
तू शाळेत जा, मी म्हणायची.

लघवी केशरी झाली. झाली तर झाली.
भाकरीचा वास सोसेना.
एका रात्री मी आपणहून लिहिलं:
झोप येत नाही. पाय जळतात. तुम्ही जेवलात का?
सकाळी आठला उत्तर आलं:
मिरचीचा भाव काय?

तेव्हा कळलं, पलीकडं माणूस नाही.
घड्याळ आहे, लिहिता येणारं.
बंद शटरला नमस्कार घातल्यासारखी
लाज वाटली, खरं सांगते.

तोवर खोकलाही थांबला होता.
हमालानं पोत्याच्या काट्यावर उभं केलं: बेचाळीस.
मग घड्याळाला कसला जबाब द्यायचा?
सोमवारी गोळ्या पिशवीत राहिल्या.
मंगळवारी पिशवी माळ्यावर गेली.
बुधवारी फोन वाजला, मी उलटा ठेवला.

गुरुवारी दुपारी गाळ्याच्या तोंडाशी
हेल्मेट काखेत धरून तांडेल.
नाक लाल, डोळ्यांना धार,
चार शिंका देऊन त्यानं विचारलं,
सगळ्यांदेखत, मोठ्यानं:
मिरचीचा भाव काय?

कोणती, शेठ गादीवरून म्हणाले, ब्याडगी की गुंटूर?
किती पोती?
तांडेल माझ्याकडंच बघत राहिला.
मी मान खाली घालून एक देठ मोडला.
शून्य, म्हणाले.
शेठ भडकले, बाई, माल फुकट वाटते काय माझा?

बाहेर टपरीवर त्यानं खिशातून पाकीट काढलं.
"मेसेज मशीन पाठवतं," म्हणाला,
"आकडे मी वाचतो.
जेवलात का, तेही वाचलं.
मला तिथून उत्तर देता येत नाही.
पाय जळतात त्याची वेगळी गोळी असते, उद्या या."
मग नाक पुसून,
"जेवलो होतो. भात आणि सुकट."

तीन गोळ्या, टपरीवाल्याचं पाणी.

गेल्या आठवड्यात गाळ्यात नवी बाई लागली, मैना.
खोकते. पदर तोंडाशी.
मिरची आहे, म्हणाली इंदुबाई.
मी देठ खुडत ऐकत राहिले.
मिरचीचा खोकला घशाशी येऊन परत जातो.
हा खालून येत होता,
एकेक पायरी चढत.

सुटल्यावर गेटपर्यंत तिच्याबरोबर गेले.
किती दिवस झाले, विचारलं.
ती गप्प. मग म्हणाली,
खोली भाड्याची आहे, ताई.

माहीत आहे, म्हटलं.
तुला कशाचा भाव विचारलेला चालेल?

तिनं बराच वेळ विचार केला.
वेलची, म्हणाली.
एकदा तरी महागातलं.